स्टेशन दारात हवे, पण दुकान कोणाचे जाणार?

रेल्वेने गावाच्या नावापुढे 'रोड' लावले की समजावे, स्टेशन गावात नाही, गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आमचे 'भिवंडी रोड' त्यातलेच. 1853 मध्ये बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत गेली. भिवंडी मात्र खाडीपलीकडेच राहिली. नंतर दिवा-वसई लाईन पडली, तिच्यावर मालगाड्यांची वर्दळ जास्त आणि प्रवाशांच्या गाड्या मोजक्या. स्टेशनही अंजूरफाट्याच्या बाजूला. म्हणून यंत्रमागांच्या या शहरातला माणूस लोकल पकडायला रिक्शात बसून कल्याण किंवा ठाणे गाठतो.

आम्ही स्वतः तीस वर्षे कापडाचे नमुने काखेत मारून कल्याणमार्गे मशीद बंदर आणि तिथून मंगलदास मार्केट असा फेरा केला आहे. लोकलचा वेळ ठरलेला असतो. कल्याण रोडच्या गर्दीत रिक्शा किती वेळ अडकेल ते मात्र कोणी सांगू शकत नाही. दलाल बसून कंटाळला की सौदा दुसऱ्याच्या पेढीवर जातो.

त्यामुळे ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची, म्हणजे मेट्रो 5 ची पायाभरणी डिसेंबर 2018 मध्ये झाली तेव्हा बाजारात आनंद होता. सुमारे 25 किलोमीटरचा हा मार्ग. वाद सुरू झाला तो नकाशा पाहिल्यावर. मार्ग आणि स्टेशने खांबांवर, आणि खांब कल्याण रोडवर. रस्ता रुंद करावा लागेल, दोन्ही बाजूंची दुकाने-घरे तुटतील, या भीतीने व्यापारी आणि रहिवासी विरोधात उभे राहिले. मेट्रो भूमिगत करा, ही मागणी झाली. अखेर धामणकर नाका ते टेमघर हा सुमारे 3 किलोमीटरचा तुकडा जमिनीखालून नेण्याचे ठरले.

या वादात दोन्ही बाजूंना आपलीच माणसे आहेत, हे बोलताना विसरले जाते. ज्याचे दुकान रस्त्यावर आहे त्याला मेट्रो दूर हवी. त्याच दुकानात काम करणाऱ्या पोऱ्याला, सायझिंगमधल्या कारीगराला, ठाण्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला ती जवळ हवी. एकाच घरातला बाप आणि मुलगी दोन बाजूंना असल्याचे आम्ही पाहिले आहे. बापाला विकासाचा शत्रू म्हणणे जितके चूक, तितकेच मुलीला 'तुला धंद्याचे काय कळते' म्हणणे चूक.

भूमिगत झाले म्हणजे कोणाचेच काही जाणार नाही, असा समज आहे. तो पुरा खरा नाही. दोन स्टेशनांमधला बोगदा यंत्राने खोलवर खोदतात, वरच्या माणसाला फारसा त्रास होत नाही. स्टेशनचे तसे नसते. ते बहुधा वरून खड्डा करून बांधतात, म्हणजे तेवढा रस्ता काही वर्षे अडतो. शिवाय प्रवाशांना आत-बाहेर जायला दरवाजे लागतात, हवा खेळवायला झडपा लागतात, आणि खांबावरची गाडी जमिनीखाली उतरते तिथे लांब उतार लागतो. या सर्वांना वरची जमीन हवी. भूमिगत कामाचा खर्चही खांबांवरच्या कामाच्या कित्येक पट असतो.

कापडवाल्यांना काळबादेवीचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवता येईल. मुंबईची मेट्रो 3 जवळजवळ पूर्ण भूमिगत आहे. तिचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झाला. तरीही काळबादेवी आणि गिरगावच्या स्टेशनांसाठी जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. तिथल्या रहिवाशांनी आणि गाळेवाल्यांनी जागच्या जागी पुनर्वसनाचा आग्रह धरला आणि त्यासाठी योजना झाली. बाजाराचा माणूस बाजारातच राहिला पाहिजे, कारण गिऱ्हाईक दुकानाला जितके ओळखते तितकेच गल्लीलाही ओळखते.

आपल्याकडे पगडीचे आणि पोटभाड्याचे गाळे पुष्कळ. मालकाच्या नावे उतारा असतो, पण आत धंदा करणाऱ्याकडे काय? 2013 च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंब म्हणजे फक्त जमीनमालक नव्हे. संपादनापूर्वी तीन वर्षे तिथे भाडेकरू किंवा कारीगर म्हणून ज्याची रोजीरोटी चालली, त्यालाही त्यात धरले आहे. पण ती तीन वर्षे कागदावर दाखवावी लागतात. भाड्याच्या पावत्या, गुमास्ता, लाइट बिल, कराची पावती एका फाइलीत लावून ठेवा. आमच्या एका परिचिताने रोख भाडे देऊन कधी पावतीच मागितली नाही. रस्ता रुंदीच्या वेळी एका कार्यालयात त्याला सरळ विचारले गेले, तू इथे होतास याचा पुरावा काय? सारा मोहल्ला साक्षीला होता, पण कागद नव्हता.

आणखी एक गोष्ट. मेट्रोने माणूस जाईल, माल जाणार नाही. ताक्यांच्या गाठी टेम्पोनेच निघणार. म्हणून स्टेशनचा दरवाजा माल चढवण्याच्या गल्लीच्या तोंडाशी आला तर प्रवासी आणि हातगाडीवाला दोघेही अडकतील. प्रत्येक गल्लीत टेम्पो कुठे लागतो, किती वाजता लागतो, हे बाजाराने स्वतः नकाशावर मांडून अधिकाऱ्यांपुढे ठेवावे. मुंबईत बसलेल्या इंजिनिअरला ते कसे ठाऊक असणार?

आणि नव्या स्टेशनच्या भांडणात जुने विसरू नये. भिवंडी रोडहून 2020 पासून पार्सलच्या गाड्या सुटू लागल्या, म्हणजे रेल्वेला या जागेची किंमत कळते. दिवा-वसई लाईनवर प्रवासी गाड्या वाढवा, ही मागणी जुनी आहे. तिच्यात एकही दुकान पाडायचे नाही. अंजूरफाट्याला मेट्रोचे स्टेशन आहेच. तिथून रेल्वे स्टेशनपर्यंत छपराचा पादचारी रस्ता मिळाला, तर वसईचा माणूस आणि ठाण्याचा माणूस दोघेही भिवंडीत उतरतील. आमची पुढची अर्जी या पादचारी रस्त्यासाठी असेल. ज्यांना सही करायची आहे त्यांनी जुम्म्यानंतर पेढीवर यावे.