वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा मुतखडा

वजन घटविण्याच्या काही शस्त्रक्रियांनंतर, विशेषतः गॅस्ट्रिक बायपासनंतर, आहारातील ऑक्झलेट आतड्यातून प्रमाणाबाहेर शोषले जाते आणि मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे होण्याचा धोका वाढतो. ऑक्झलेट हा अनेक पालेभाज्या, कंद, तेलबिया व सुकामेव्यात आढळणारा पदार्थ असून शरीरही तो अल्प प्रमाणात तयार करते. शरीराला त्याचा उपयोग नसल्याने तो मूत्रावाटे बाहेर टाकला जातो. मुतखड्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश खडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात.

कारणमीमांसा

निरोगी माणसाच्या आतड्यात अन्नातील कॅल्शियम ऑक्झलेटशी बांधले जाते. हे संयुग विरघळत नाही व मलावाटे निघून जाते. त्यामुळे खाल्लेल्या ऑक्झलेटपैकी साधारण ५ ते १० टक्केच रक्तात उतरते. बायपासमध्ये जठराची साधारण ३० मिलिलिटर मावेल एवढीच पिशवी ठेवून ती लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. अन्न व पाचकरस उशिरा एकत्र येतात, स्निग्धांश पुरता पचत नाही आणि न पचलेली मेदाम्ले कॅल्शियमला पकडून त्याचा एक प्रकारे साबण बनवतात. ऑक्झलेटला जोडीदार उरत नाही. ते मोकळेच मोठ्या आतड्यात पोहोचते आणि तेथून शोषले जाते. मोठ्या आतड्यात उतरलेले पित्तक्षार तेथील अस्तर अधिक पाझरते करून यात भर घालतात. शिवाय मूत्राचे प्रमाण घटते आणि स्फटिक जमण्यास अटकाव करणारे सायट्रेटही कमी होते.

इतिहास

१९५० नंतरच्या दशकांत लहान आतड्याचा बराचसा भाग वगळणारी जेजुनो-इलिअल बायपास ही शस्त्रक्रिया केली जात असे. तिच्यानंतर मुतखडे व मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रकार दिसू लागल्याने १९८० च्या सुमारास ती मागे पडली. १९६६ मध्ये एडवर्ड मेसन यांनी अमेरिकेत गॅस्ट्रिक बायपासची सुरुवात केली. ही पद्धत पुष्कळ सुरक्षित मानली गेली आणि खड्यांचा प्रश्न मिटल्याचा समज दीर्घकाळ राहिला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात मात्र बायपास झालेल्या ७.६५ टक्के व शस्त्रक्रिया न झालेल्या ४.६३ टक्के लठ्ठ व्यक्तींमध्ये मुतखडा आढळला. जठराचा केवळ आकार कमी करणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत आतड्याची जोडणी बदलत नसल्याने असा धोका फारसा वाढत नाही. आपली शस्त्रक्रिया नेमकी कोणती झाली, हे रुग्णाला ठाऊक असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

मराठी आहार आणि ऑक्झलेट

१०० ग्रॅम कच्च्या पालकात साधारणतः ६०० ते १००० मिलिग्रॅम ऑक्झलेट असते. पथ्याच्या आहारात दिवसभराची मर्यादा बहुधा १०० मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात. माठ, राजगिरा, चुका, अळू, बीट, रताळे, तीळ, बदाम व काजू यांतही ते भरपूर असते. अळूने घसा खवखवतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळेच. उपवासाचे ताट हा येथे विशेष लक्ष देण्याजोगा विषय आहे. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याचे कूट आणि रताळ्याचा कीस एकाच दिवशी खाल्ला, तर हलका समजला जाणारा आहार ऑक्झलेटने जड झालेला असतो. मेथी, कोबी, फुलकोबी, दुधी, कांदा यांत ऑक्झलेट कमी असते. टोमॅटोच्या बियांमुळे खडे होतात ही समजूत सर्वदूर आहे. प्रत्यक्षात टोमॅटोत ऑक्झलेट थोडेच असते. भाजी उकडून पाणी फेकून दिल्यास विरघळणारे ऑक्झलेट बरेच निघून जाते.

सर्वाधिक हानिकारक गैरसमज दुधाविषयीचा आहे. खड्यात कॅल्शियम असते म्हणून दूध, दही, ताक बंद करणारे रुग्ण आतड्यातील ऑक्झलेटला मोकळी वाट करून देतात. जेवणासोबत घेतलेले कॅल्शियम हाच येथे उपाय असतो. बायपासनंतर जठराम्ल कमी झाल्याने कॅल्शियम कार्बोनेटपेक्षा कॅल्शियम सायट्रेट अधिक मानवते. मात्र ऑक्झलेट बांधण्यासाठी गोळी अन्नाबरोबरच घ्यावी लागते. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा टाळणे इष्ट, कारण त्याचे काही प्रमाणात ऑक्झलेटमध्ये रूपांतर होते.

मालेगावसारख्या उष्ण शहरातील प्रश्न

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा अनेकदा ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. यंत्रमागाच्या कारखान्यांत उकाड्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. घामावाटे पाणी जाते व मूत्र दाट होते. खडे टाळण्यासाठी दिवसाला किमान दोन ते अडीच लिटर मूत्र व्हावे अशी अपेक्षा असते, पण बायपास झालेला माणूस एका वेळी मोजके घोटच पिऊ शकतो. त्याला पाणी दिवसभर थोडेथोडे प्यावे लागते. उन्हाळ्यात येणाऱ्या रमजानमध्ये रोजा चौदा-पंधरा तासांचा असतो. ही तूट इफ्तार ते सहरी या वेळेत एकदम पिऊन भरून काढणे अशा रुग्णाला अवघड जाते. निर्जळी उपवासांनाही हेच लागू आहे. असे उपवास करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक असते. चहात ऑक्झलेट असते, तथापि दुधातील कॅल्शियम त्यातील काही भाग बांधून ठेवत असल्याने कोऱ्या चहापेक्षा दुधाचा चहा बरा.

तपासणी व उपचार

मूत्रातील ऑक्झलेट बहुधा शस्त्रक्रियेनंतर सहा महिने ते वर्षभराने वाढलेले दिसते, म्हणजे जखमा भरून रुग्ण निर्धास्त झाल्यावर. चोवीस तासांचे मूत्र साठवून केलेल्या तपासणीत ऑक्झलेट, सायट्रेट व मूत्राचे एकूण प्रमाण कळते. ऑक्झलेट दिवसाला ४० ते ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असल्यास ते वाढलेले समजतात. स्निग्ध पदार्थ कमी करणे, जेवणासोबत कॅल्शियम, भरपूर पाणी आणि गरजेनुसार पोटॅशियम सायट्रेट असा उपचार असतो. क्वचित मूत्रपिंडाच्या ऊतींतच स्फटिक साचून ते निकामी होऊ लागते. अशा काही रुग्णांत बायपास उलटवून आतड्याची मूळ जोडणी पूर्ववत करावी लागली आहे.