जपानी चहापरंपरा : नववर्षाची सेन्चा-बैठक

माच्चा हा चहा हिरव्या चहाची वस्त्रगाळ पूड गरम पाण्यात घोटून करतात. सेन्चात मात्र वाफवून वळलेली चहाची पाने लहान किटलीत भिजवून त्यांचा केवळ अर्क घेतला जातो, आणि ही रीत जपानात बरीच उशिरा रुजली. चिनी भिक्षू इंगेन १६५४ मध्ये जपानात आले व १६६१ मध्ये त्यांनी क्योतोजवळील उजी येथे ओबाकू झेन पंथाचा मांपुकुजी हा मठ स्थापन केला, तेव्हा मिंगकालीन चीनमधील अखंड पानांच्या चहाला तेथे आश्रय मिळाला. याच पंथात दीक्षा घेतलेले बाइसाओ (१६७५–१७६३) हे साठीच्या सुमारास क्योतोत चहा विकू लागले, आणि दाम किती द्यावा हे त्यांनी पिणाऱ्याच्या मर्जीवर सोडले. १७५५ मध्ये त्यांनी आपली चहाची साधने स्वतःच्या हातांनी जाळून टाकली. डामडौलाला विटलेल्या या वृद्धालाच पुढे सेन्चादो, म्हणजे सेन्चाचा रीतसर आचार, शिकविणाऱ्या घराण्यांनी आद्यपुरुष मानले, ही विसंगती खरी. तथापि या बैठकांत आजही जो मोकळेपणा जाणवतो, तो त्यांचाच वारसा म्हणावा लागेल.

नववर्षाच्या चहाचा उगम याहून जुना आहे. क्योतोतील परंपरेनुसार ९५१ मध्ये साथीचा रोग पसरला असता कूया या भिक्षूने रोग्यांना चहा पाजला, आणि त्याची आठवण म्हणून रोकुहारामित्सुजी मंदिरात जानेवारीच्या पहिल्या तीन दिवशी ओबुकुचा, म्हणजे खारवलेले उमे फळ व कोंबू हे समुद्रशैवाल घातलेला चहा, भाविकांना दिला जातो. यवतमाळ जिल्ह्यातील नेर परसोपंत येथे पाडव्याच्या सकाळी कडुलिंबाची कोवळी पाने गूळ-ओव्यासह खाल्ली जातात. वर्षाचा पहिला घास औषधाचा असावा, ही समजूत दोन्हीकडे सारखीच आहे.

प्रत्यक्ष बैठकीत मातीच्या लहान शेगडीवर, म्हणजे र्योरोवर, कोळशाच्या आचेने पाणी तापते. मात्र ते उकळते पाणी थेट पानांवर पडत नाही. प्रथम ते युझामाशी या चोचीच्या भांड्यात निववतात व मगच मुठीत मावेल अशा किटलीत ओततात. ग्योकुरो या सावलीत वाढविलेल्या उंची चहासाठी पाणी ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत उतरू देतात, कारण या तापमानाला पानांतील थिअनीन हे मधुर चवीचे अमिनो आम्ल सहज विरघळते, तर तुरट कॅटेचिने बव्हंशी पानांतच राहतात. दूध-साखर घालून खळखळ उकळलेल्या चहाची सवय असलेल्या जिभेला हा चहा आधी कोमट व नंतर विलक्षण दाट लागेल. किटलीतला शेवटचा थेंबही पेल्यांत समप्रमाणात उतरवतात, कारण सर्वाधिक सत्त्व त्यातच असते. पेला दोन-तीन घोटांचा. पहिल्या व दुसऱ्या फेरीच्या मध्ये गोड पदार्थ येतो, आणि दुसरी फेरी अधिक गरम पाण्याची असल्याने तिचा कडवटपणा त्या गोडाने सुसह्य होतो.

बैठकीच्या सजावटीत पाइन, बांबू व उमे हे शुभत्रय मांडतात. जपानने १८७३ पासून ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारल्यामुळे नववर्ष १ जानेवारीला आले व उमेचा बहर मागे राहिला. नेरचा पाडवा चैत्रातच राहिल्याने तेथे कडुलिंबाची पालवी आजही सणाच्या वेळीच फुटते.