बाँड म्हणजे पेशवेपद नव्हे

जेम्स बाँडचे नट बदलतात, वय मात्र वाढत नाही. यावर चाहत्यांचा तोडगा असा: 'जेम्स बाँड' हे नाव नव्हेच, ते एकाकडून दुसऱ्याकडे जाणारे पद आहे. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ १७१३मध्ये पेशवे झाले, मागून बाजीराव आले, तसेच काहीसे. पण बाजीरावांनी पद घेतले, बाळाजींचे नाव नाही. शिवाय १९६९च्या चित्रपटात जॉर्ज लेझनबीच्या बाँडची पत्नी ट्रेसी मारली जाते आणि १९८१मध्ये रॉजर मूरचा बाँड तिच्याच थडग्यावर फुले ठेवतो. विधुरपण काही पदासोबत मिळत नाही! मग १९६७मध्ये समोरासमोर आलेला खलनायक ब्लोफेल्ड दोनच वर्षांनी बाँडला ओळखत कसा नाही? आक्षेप रास्त आहे, उत्तर मात्र कथेबाहेरचे: हे दोन चित्रपट बाँडचा मूळ लेखक फ्लेमिंगच्या ज्या कादंबऱ्यांवर आहेत, त्यांच्या उलट क्रमाने निघाले. २००६मध्ये तर निर्मात्यांनी पाटीच कोरी केली, आणि २०१२च्या 'स्कायफॉल'मध्ये आईवडिलांच्या थडग्यावर आडनाव बाँडच आहे.