‘बोर्ड’ : एका फळीचा संसार

इंग्रजी भाषेंतील ‘बोर्ड’ हा शब्द मराठी माणसास प्रथम भेटतो तो शाळेच्या भिंतीवर. पुढें दहावीचा विद्यार्थी ‘बोर्डाची परीक्षा’ देतो, दुकानदार नांवाचा बोर्ड लावतो, आणि या बोर्डांचें परस्परांशीं कांहीं नातें असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं. अडचण पडते ती परदेशीं. प्रवासास निघालेलें कुटुंब हॉटेलच्या पत्रकांत ‘हाफ बोर्ड’ असें वाचतें आणि ही अर्धी फळी कसली, म्हणून विचारांत पडतें. खोलीच्या भाड्यांत न्याहारी व एक मुख्य जेवण, बहुधा रात्रीचें, धरलेलें आहे, असा त्याचा अर्थ. ‘फुल बोर्ड’ असेल तर दुपारचें जेवणहि त्यांत आलें. हें ठाऊक नसेल, तर ज्याचे पैसे आधींच दिले तें जेवण सोडून बाहेर दुसऱ्यांदा पैसे मोजण्याची पाळी येते.

फळीचा आणि जेवणाचा संबंध काय? शब्दाचा जुना अर्थ लांकडाची फळी एवढाच. मध्ययुगीन इंग्लंडांत मोठ्या घरांतून जेवणाच्या वेळीं घोड्यांवर फळ्या मांडीत व जेवण आटोपतांच उचलून ठेवीत. फळी म्हणजे मेज, आणि मेज म्हणजे त्यावरचें अन्न, असा अर्थ सरकत गेला. मराठी वाचकास यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. ‘पान वाढलें’ म्हणतात तेव्हां वाढलेलें असतें तें अन्न. आणि घरांत केळीचें पान येऊन वर्षें लोटलीं, स्टीलचीं ताटें आलीं, तरी ‘पानें घ्या’ ही हांक अजून ऐकूं येते. कोल्हापुरांत १९०१ सालीं शाहू महाराजांच्या प्रेरणेनें निघालेल्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगच्या नांवांतहि हेंच अन्न आहे. विमानतळावरील ‘बोर्डिंग पास’ मात्र निराळ्या शाखेचा. जेवणाशीं त्याचा संबंध नाहीं.

मेजाभोंवतीं जेवणारे बसत तसे मसलत करणारेहि बसूं लागले. त्यांच्या सभेस ‘बोर्ड’ नांव पडलें, आणि कंपनीचें संचालक मंडळ काय, १९६२ सालीं जिल्हा परिषदा येईपर्यंत चाललेलीं लोकल बोर्डें काय, सारीं या एकाच मेजावरचीं. फारशींतून आलेले ‘तख्त’ आणि ‘तक्ता’ हे मराठी शब्दहि असेच एका कुळांतले. एकावर राजा बसला, दुसरा वर्गाच्या भिंतीवर टांगला गेला. पत्ते खेळणाऱ्याचे हात मेजाच्या वर दिसत असले म्हणजे लबाडीस वाव नाहीं; म्हणून उघड, सचोटीच्या व्यवहारास ‘अबव्ह बोर्ड’ म्हणतात. ‘कपबोर्ड’ म्हणजे मूळची पेले मांडण्याची फळी. तिला दारें लागून कपाट झालें तरी नांव राहिलें. उच्चार तेवढा ‘कबर्ड’ असा आखूड झाला.

जहाजाची बाजू या अर्थाचा ‘बोर्ड’ फार पूर्वींच या कुटुंबांत मिसळून गेला. त्यावरून जहाजावर असणें तें ‘ऑन बोर्ड’, व आतां विमानांत असणेंहि. जुन्या जहाजांचें सुकाणूं वल्ह्यासारखें असून उजव्या बाजूस बांधलेलें असे, म्हणून उजवी बाजू ‘स्टारबोर्ड’. यांत तारा नाहीं, ‘स्टिअर’ म्हणजे सुकाणूं धरणें आहे. डावीस ‘लारबोर्ड’ म्हणत. वाऱ्याच्या घोंघाटांत या दोन हांका जवळजवळ सारख्याच ऐकूं येत, आणि खलाशानें जहाज भलत्याच बाजूस वळविलें तर सर्वांच्याच जिवावर बेतावयाचें. अखेर १८४४ सालीं ब्रिटिश नौखात्यानें हुकूम काढून ‘लारबोर्ड’ रद्द केला व त्याच्या जागीं ‘पोर्ट’ हा शब्द आणला.