संमिश्र संख्या कॅल्क्युलेटरवर ध्रुवीय रूपात कशी टाकायची?

पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या मुलांना ध्रुवीय रूप वेगळं शिकवायला लागत नाही, असं माझं मत आहे. बोट किती लांब आणि कुठल्या दिशेला, हे जीपीएसवर ती रोज बघतात. अंतर म्हणजे मापांक, दिशा म्हणजे कोनांक. फरक एकच. होकायंत्राचा कोन उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजतात, आपला गणितातला कोन पूर्वेपासून उलट दिशेने. म्हणून ९० मधून होकायंत्राचा कोन वजा करायचा.

समजा, बोट बंदरापासून १० सागरी मैलांवर, होकायंत्राने ३००° दिशेला आहे. ९० − ३०० = −२१०, म्हणजेच १५०°. संख्या झाली १०∠१५०.

आता कॅल्क्युलेटर घ्या. मुलांकडे बहुधा कॅसिओचा एफएक्स-९९१ईएस प्लस असतो. मोड दाबून २ दाबा, म्हणजे संमिश्र संख्यांचा मोड लागतो. मग १०, शिफ्ट, ऋण चिन्हाची कंसातली कळ (तिच्यावर ∠ छापलेलं आहे), १५०, आणि बरोबर. उत्तरात वास्तव भाग −८.६६, काल्पनिक भाग ५. म्हणजे पश्चिमेला ८.६६ मैल, उत्तरेला ५. एफएक्स-९९१ईएक्सवर ∠ साठी शिफ्ट आणि ईएनजी दाबायचं.

बोट तिथून ५ मैल दक्षिणेला गेली तर? १०∠१५० + ५∠−९० असं सरळ टाका. नंतर शिफ्ट, २, ३, बरोबर असं दाबलं की उत्तर ध्रुवीय रूपात येतं: ८.६६∠१८०. (पडद्यावर ५√३ दिसेल, घाबरू नका.) बोट बंदराच्या थेट पश्चिमेला आहे. दहा आणि पाच मिळून पंधरा झाले नाहीत, हे मुलांना बोलून दाखवाच.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये राहिलेला असतो. तेव्हा हेच १०∠१५० टाकलं की ६.९९ आणि −७.१५ येतात. बोट पूर्वेला सात मैल, दक्षिणेला सात मैल, म्हणजे ठाण्याच्या बाजूला जमिनीवर! पडद्यावर वर डी दिसतो का बघा. नसेल तर शिफ्ट, मोड, ३.

दुसरा घोळ वर्गाचा. २∠३० लिहून पुढे वर्गाची कळ दाबली तर यंत्र फक्त ३० चा वर्ग करतं, कोन ९००° होतो आणि उत्तर −२ येतं. कंस घातला की बरोबर ४∠६०.

वास्तव −३, काल्पनिक ४ या संख्येचा कोन मुलं टॅनच्या व्यस्ताने काढतात आणि −५३.१३° लिहितात. ही संख्या दुसऱ्या चरणात आहे, कोन १२६.८७° हवा. शिफ्ट, २, ३ ने काढलात तर यंत्र चरण स्वतः सांभाळतं.

बारावीच्या बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, तेव्हा अकरावी-बारावीत हे पडताळ्यापुरतं. डिप्लोमाच्या पेपरात मात्र साधा, प्रोग्राम न करता येणारा चालतो. इलेक्ट्रिकलच्या मुलाला २३०∠० भागिले ५∠५३.१३ करायला सांगा; ४६∠−५३.१३ यायला हवं. प्रवाह ४६ अँपिअर, व्होल्टेजच्या ५३.१३° मागे.