रसाचा बंद डबा

आमच्या रत्नागिरींत हापूसचा मोसम पावसाबरोबर संपतो; पुढें श्रावणांत फडताळांतला रसाचा डबा खालीं येतो, आणि कोयता, हातोडा जें हातीं लागेल त्यानें झांकणावर घाव घातले जातात. माझ्या डाव्या अंगठ्यावरचा व्रण अशाच एका घावाचा आहे.

मौज अशी, कीं पत्र्याच्या डब्याचें पेटंट इंग्लंडांत पीटर डुरांड यानें १८१० सालीं घेतलें, परंतु तो उघडण्याच्या हत्याराचें पेटंट अमेरिकेंत एझ्रा वॉर्नर यास मिळालें तें १८५८ सालीं!

झांकणाची कड व डब्याची कड एकमेकींत दुमडून दाबलेल्या असतात. मर्म त्या दुमडींत आहे, झांकणाच्या मध्यभागीं नाहीं. दुमडीचा वरचा कांठ कानशीनें सभोंवार सारखा घासला, कीं वरचा थर झिजतो व झांकण अलगद सुटतें. पण धातूचा कीस आंत पडतो. म्हणून ही रीत खाण्याच्या जिनसांस वर्ज्य. रसासाठीं फिरत्या चकतीचा ओपनरच बरा. कांठ धारदार राहतो, तेव्हां रस लागलीच काचेच्या भांड्यांत काढावा.

डबा फुगलेला असेल, तर मात्र तो उघडूंच नये. आंत वायु धरलेला असतो. तो रस चाखूनसुद्धां पाहूं नये.