बार्ले गांवची सीमा : ओढा, लोहमार्ग व दप्तर

(१) नेदर्लंडच्या उत्तर ब्राबांट प्रांताच्या दक्षिण कडेस, बेल्जमच्या सरहद्दीलगत, बार्ले नांवाचें एक खेडें आहे. वस्ती एक, परंतु कारभार दोन. बार्ले-नासाउ हें नेदर्लंडचें व बार्ले-हेर्टोग हें बेल्जमचें. या दुसऱ्याचे २२ तुकडे नेदर्लंडच्या मुलखांत विखुरलेले असून त्यांच्या पोटांत पुनः नेदर्लंडचे ७ तुकडे आहेत. शिवाय नेदर्लंडचा एक तुकडा बेल्जमच्या मुख्य भूमींत एकटा पडला आहे. सीमा घरांतूनच गेली असल्यास पुढचा दरवाजा ज्या राज्यांत, त्या राज्याचें तें घर, असा तेथील प्रघात. दोअमली गांवांचे कागद ज्यांनीं चाळले आहेत त्यांस हा प्रकार अगदींच नवा वाटणार नाहीं. ही सीमा कागदानें निर्माण केली व तिचा शेवटचा मोठा तंटाही कागदावरच तुटला. म्हणून तिची हकीकत येथें देत आहों.

(२) या विभागणीचें मूळ इ. स. ११९८ मधील व्यवहारांत आहे. त्या सालीं ब्रेडाचा सरदार गॉडफ्री यानें आपला मुलूख ब्राबांटचा ड्यूक पहिला हेन्री याचे स्वाधीन करून त्याजकडून तो पुनः जहागीर म्हणून घेतला. त्या वेळीं बार्ले येथील कांहीं जमिनी व त्यांवरील खंडकरी कुळें ड्यूकनें आपणांकडे राखलीं. हेर्टोग म्हणजे ड्यूक. पुढें इ. स. १४०३ त विवाहसंबंधानें ब्रेडा नासाउ घराण्याकडे आलें व दुसऱ्या भागास तें नांव मिळालें. इ. स. १६४८ च्या म्युन्स्टरच्या तहानंतर ब्रेडाचा भाग डच प्रजासत्ताकांत व ड्यूकचा भाग स्पेनच्या अमलाखालीं राहिला. याप्रमाणें दोन धन्यांचीं शेतें होतीं, तीं दोन राज्यांचीं झालीं.

(३) या टापूंत सीमा डोळ्यांस दिसते ती मेर्क्स्के नांवाच्या ओढ्यावर. हा ओढा कांहीं अंतर दोन्ही राज्यांची हद्द होऊन वाहतो व मार्क नदीस मिळतो. ती नदी पुढें ब्रेडाकडे जाते. इ. स. १८६७ त टर्नहौट ते टिलबर्ग लोहमार्ग सुरू झाला. त्यावर बार्ले-नासाउ, आल्फन, रील अशीं खेड्यांचीं स्टेशनें होतीं. पुढें हद्दीवर जकातीच्या तपासणीकरितां मोठें स्टेशन झालें. त्यास डच बाजूस बार्ले-नासाउ ग्रेन्स, म्हणजे सीमा, व बेल्जमच्या बाजूस वेल्डे-मेर्क्सप्लास म्हणत. उतारूंची वाहतूक इ. स. १९३४ त बंद पडली. रूळ गेले व इ. स. १९८९ पासून त्या वाटेवर सायकलींचा रस्ता आहे. सारांश, ओढा किंवा स्टेशन दाखवून येथें हद्द आहे असें सांगतां येई; गांवांत मात्र दप्तर उघडल्यावांचून तें सांगणें अशक्य होतें.

या कागदी रेघेचें मोल पहिल्या महायुद्धांत कळून आलें. बेल्जमचा बहुतेक मुलूख जर्मनांनीं व्यापला, परंतु तटस्थ नेदर्लंडनें वेढलेले बार्ले-हेर्टोगचे तुकडे त्यांच्या हातीं लागले नाहींत. इ. स. १९१५ त तेथें बिनतारी संदेशांचें ठाणेंही उभें राहिलें.

(४) आतां मुख्य मुद्दा. दोन्ही गांवांच्या अधिकाऱ्यांनीं इ. स. १८३६ ते १८४१ च्या दरम्यान कोणतें शेत कोणाचें याची याद तयार केली. इ. स. १८४३ च्या सीमावर्णनाच्या कागदांत ही याद अक्षरशः उतरून घेतली आहे, असें त्यांतच म्हटलें आहे. परंतु नेदर्लंडनें दाखविलेल्या मूळ यादींत ७८ ते १११ हे सर्व क्रमांक बार्ले-नासाउचे आहेत, तर सीमावर्णनांत यांपैकीं ९१ व ९२ हे बार्ले-हेर्टोगचे आहेत! नेदर्लंडचें म्हणणें, ही नकलेंतील चूक होय. शिवाय या जमिनींचा सारा व नोंदी बहुत वर्षें आमच्याकडे आहेत. इ. स. १८९२ च्या एका करारान्वयें बेल्जम त्या सोडण्यासही तयार झालें होतें, परंतु तो करार कायम झाला नाहीं. अखेर वाद हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढें गेला. ता. २० जून १९५९ रोजीं १० विरुद्ध ४ मतांनीं निकाल बेल्जमच्या बाजूनें लागला. चूक झाल्याचें सिद्ध होत नाहीं, आणि जेथें शेतें अशीं मिसळलेलीं आहेत तेथें सारावसुली व नोंदी यांसारख्या कारभारामुळें तहानें ठरलेली मालकी फिरत नाहीं, असा त्याचा आशय.

(५) हस्तलिखितें जमविणारांनीं यांतून एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. मूळ तेवढें खरें व नक्कल ती दुय्यम, असा आपला सामान्य नियम. येथें मात्र नकलेस तहाची संमति मिळतांच तीच प्रमाण ठरली व मूळ मागें पडलें. म्हणून दोन प्रती जुळत नाहींत असें दिसतांच एक अशुद्ध ठरवून टाकून देऊं नये; दोन्ही जपाव्या, भेद जसेच्या तसे टिपावे, आणि कोणती प्रत कोणापुढें मान्य झाली याचा शोध करावा. अक्षराच्या जुळणीइतकाच हा शोधही महत्त्वाचा आहे.